लाल कोर्टाला वाफसा

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो काळ्या बेसॉल्टचा एक जुना रूळ. लांबी पाऊण मीटर, व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर, वजन साडेतीनशे किलो. माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत तीन लाल टेनिस कोर्टं आहेत. त्यांतल्या पहिल्या कोर्टाच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. नऊ देशांतल्या मुली या कोर्टांवर खेळून गेल्या. त्यांच्या पायाखालची माती कोणी दाबली, ते सांगायची मला फार घाई झाली आहे!

पण आधी थोडं मागचं सांगतो. सटवा नावाच्या वडाराने मला सिंदफणा नदीच्या काठावर छिन्नीने घडवलं. दोन्ही तोंडांना भोकं पाडून त्यांत लोखंडी खुंट्या बसवल्या. ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याने मला खळ्यासाठी नेलं. ज्वारी काढणीला आली की खळ्याची माती भिजवायची, ओली बारदानं पसरून ती झाकायची आणि नेमका वाफसा आला की माझ्याखाली दाबायची. वाफसा म्हणजे माती चिखलही नाही आणि धूळही नाही, अशी मधली अवस्था. ती तासाभरापेक्षा जास्त टिकत नाही. ज्ञानोबाची सून मनकर्णा हे सगळं पाहत शिकली.

पुढे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि मनकर्णाचं घर माझ्यासकट कारखान्याजवळ आलं. कारखान्याच्या क्लबने तेव्हा नुकतीच कोर्टं आखली होती. लाल कोर्ट म्हणजे काय, तर भाजलेल्या विटांची बारीक भुकटी, पाणी आणि दाब. दाबाला मी होतो आणि मातीची नाडी ओळखायला मनकर्णा. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. वीस वर्षं रोज सकाळी तिने बायका जमवून मला ओढलं. बाहेरगावचे इंजिनिअर म्हणायचे, "असं कोर्ट पुण्यातही नाही." मी दगड असलो तरी ते मला ऐकू यायचं.

मग दीड टनाचं डिझेलचं रूळयंत्र आलं. मनकर्णा कोर्टांवरच राहिली, पण मला कुंपणामागच्या बाभळीखाली ढकललं. माझ्या खुंट्या गंजल्या, लाकडी दांडी वाळवीने खाल्ली. सात वर्षांत माझ्यावर शेळ्या तेवढ्या चढल्या.

आणि एका फेब्रुवारीत बातमी आली. व्यावसायिक महिला खेळाडूंची लाल मातीवरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा माजलगावात होणार होती! चेअरमन अर्जुनरावांनी आदल्या वर्षीच होकार दिला होता. तेव्हा पाऊस दगा देईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आता धरणात फक्त मृतसाठा होता, आणि गावोगाव टँकर फिरत होते. तरी शहर नुसतं उसळलं होतं. लॉजवाल्यांनी खोल्या रंगवल्या, मोंढ्याच्या बाजारात कमान उभी राहिली. रसवंतीवाल्याने तर भिंतीवर रॅकेट काढलं. ते पळीसारखं दिसत होतं, पण लोक बघायला थांबत होते.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी सरकारी हुकूम आला, की मैदानांना बोअरचं पाणी द्यायचं नाही. हुकूम योग्यच होता. पण लाल मातीला पाणी नाही म्हणजे चेंडूच्या प्रत्येक टप्प्याला धुरळा. निरीक्षक म्हणून पुण्याहून आलेल्या दीनाज मॅडमनी बूट फिरवून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

अर्जुनराव मनकर्णाला म्हणाले, "मावशे, हे बघ. स्पर्धा पुण्याला गेली, तर मी हितं गाडीतळ करनार. ऊसगाड्यांना जागा न्हाई, आन् मी संचालकांना काय तोंड दाखवू?"

"आन् तो रूळ?" तिने बाभळीकडे बोट केलं.

"फोडून खडी करू."

बाभळीखाली मी हे ऐकलं. सत्तावीस वर्षांची कोर्टं, तिची आणि माझी, आता तीन दिवसांची सोबती होती.

आता कारखान्याच्या यार्डाचा मुकादम बंकट याची करामत ऐका. आमच्याकडे यार्डातली धूळ बसवायला मळी शिंपडतात. साखर काढल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक म्हणजे मळी. पाणी नाही तर मळी आहे, असा सरळ विचार करून बंकटने सकाळीच पातळ मळीचा टँकर पहिल्या कोर्टावर फिरवला. धूळ बसली! कोर्ट चॉकलेटी, तुकतुकीत दिसू लागलं. बंकट मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बघा बे, डोकं लागतंय त्याला!"

अकरा वाजता आयगुल नावाची कझाकस्तानची उंच खेळाडू सरावाला उतरली. पहिला चेंडू टप्पा घेऊन उठलाच नाही. ती धावली, तर एक बूट मागे राहिला आणि ती मोज्यावर पुढे गेली. बारा वाजेपर्यंत चारी बाजूंनी मुंग्यांच्या रांगा आत येत होत्या. मध्यरेषा कुठली आणि मुंग्या कुठल्या, ते कळेना. मागून गांधीलमाशाही आल्या.

"बंकटा," मनकर्णा म्हणाली, "पोरी खेळायला आल्यात, गुळाची ढेप चाटायला न्हाई."

"मला काय म्हाईत, मावशे? यार्डात तर कोनी चेंडू टाकत न्हाई!"

दीनाज मॅडम हसल्या नाहीत. "उद्या दहा वाजेपर्यंत हे एक कोर्ट नीट करून दाखवा. ते पास झालं तर बाकीची दोन त्याच रीतीने करा. नाही तर मी पुण्याला फोन करते."

अर्जुनरावांनी लगेच सांगितलं, "वस्तीवरचा टँकर इकडं वळवा. एक दिवसाचा तर प्रश्न हाय."

"न्हाई," मनकर्णा म्हणाली. "बायकांच्या हंड्यातलं पानी मी मातीवर वतनार न्हाई. त्यापरीस कोर्ट मोडा."

मित्रांनो, ती गाडीतळाला आणि माझ्या खडीला एका दमात कबूल झाली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला तिचा अभिमान वाटला.

मग प्रयोगशाळेतला केमिस्ट शहादेव हळूच म्हणाला, "ऊस शंभर किलो गाळला, तर त्यात सत्तर किलो पाणीच असतं. रस उकळताना त्याची वाफ होते आणि वाफेचं पुन्हा पाणी. ते आपल्याकडे गरम नाल्यात जातं."

"पिता येतं का ते?"

"नाही, पिण्याजोगं नाही."

"मग चालंल. पर त्यात साखर नको बाबा. मुंग्या म्हंतील, परत बोलावनं आलं."

शहादेवने नळीत ते पाणी घेतलं, दोन रसायनं सोडली. साखर असेल तर जांभळी कडी उठते. बंकट नळीला नाक लावून बघत होता. कडी उठली नाही. पण त्या वर्षी ऊसच थोडा होता. दिवसाला तीन हजार लिटरपेक्षा जास्त पाणी मिळणार नव्हतं, आणि उन्हात तेवढं तर तासाभरात उडून गेलं असतं.

"खळं करायचं," मनकर्णा म्हणाली. "बारदान टाकून."

बारदानाची कारखान्यात काय कमी! गोदामात फाटकी पोती शिवणाऱ्या बायकांची प्रमुख होती सारजाबाई. तिने साडेचारशे पोती उसवून चादरी केल्या. बंकटच्या माणसांनी मळी लागलेला बोटभर थर फावड्यांनी काढून टाकला आणि विटांची कोरडी भुकटी चाळून पसरली. दिवस मावळताना थंड झालेलं पाणी झारीने, जपून शिंपलं.

बंकटने डिझेलचं यंत्र एका कडेला चालवून पाहिलं. दीड टनाच्या वजनाखाली ओला थर ड्रमला चिकटून पोळीसारखा उलटून वर आला.

"थांबव!" मनकर्णा ओरडली. "माझा म्हातारा आना."

म्हातारा म्हणजे मी! आठ जणांनी पहारी लावून मला बाभळीखालून काढलं. बंकटने स्वतः माझ्या खुंट्या घासल्या, ग्रीस भरलं आणि पाइप वाकवून नवी दांडी जोडली. "म्हाताऱ्या, माझी चूक झाली. आता इज्जत राख," तो माझ्या कानाशी म्हणाला. माझा कान कुठला समजून तो बोलला, कोण जाणे.

रात्रभर बारदानांनी ओल धरून ठेवली. सकाळी सातला ती उचलली तेव्हा कोर्ट गडद लाल, गारेगार होतं. कुंपणाला माणसंच माणसं. सगळ्यांना वाटलं, आता लगेच रूळ फिरणार. मनकर्णा खाली बसली, मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. गोळा चपटा झाला.

"ओली हाय अजून."

साडेसातला पुन्हा. चपटा. आठला पुन्हा. तडा गेला, पण फुटला नाही. अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं. "मावशे, दहाला मॅडम येनार!"

"मातीला घड्याळ न्हाई, साहेब."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी गोळा पडला आणि त्याचे बरोबर तीन तुकडे झाले.

"वाफसा! चला गं!"

वीस बायकांनी माझी दांडी धरली. मित्रांनो, सात वर्षांनी मी फिरलो! पहिला पट्टा, दुसरा पट्टा. माझ्या अंगाला कणभर चिकटत नव्हतं आणि मागे आरशासारखी सपाट वाट उमटत होती. कोर्टाच्या रुंदीत माझे पंचवीस पट्टे बसतात. कुंपणाबाहेरून लोक मोजू लागले, "दहा! अकरा!" ऊन चढत होतं. माती वाळायच्या आत पंचवीस व्हायला हवे होते. अठराव्या पट्ट्याला बायकांचे हात भरून आले आणि मी मधेच थांबलो.

तेवढ्यात आयगुल आत आली. तिने बूट काढले, सारजाबाईशेजारी जागा केली आणि दांडीला खांदा लावला.

"आगं, ही तर बैलावानी वढती!" सारजाबाई म्हणाली. आयगुलला काही कळलं नाही, पण ती खूश झाली. "तेवीस! चोवीस!" आणि पंचवीस होईपर्यंत पावणेदहा वाजले होते.

दीनाज मॅडम आल्या. टाच रोवून फिरवली. धुरळा नाही. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला. तो ठणकन उसळला. दहा ठिकाणी सोडला, दहाही वेळा जवळजवळ तेवढाच. मग त्या स्वतः तीन पावलं धावल्या आणि पाय पुढे टाकून अलगद घसरल्या. लाल मातीवर खेळाडू तसाच घसरत चेंडू गाठतो. दीड मीटरची सुरेख खूण उमटली.

"पुण्याला फोन करायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

कुंपण मोडायचं तेवढं राहिलं! बंकट तर नाचतच होता. आठवडाभर स्पर्धा झाली, तिन्ही कोर्टं रोज बारदानाखाली भिजली आणि पहाटे माझ्याखाली दबली. आयगुल उपांत्य फेरीत हरली. जाताना तिने मनकर्णाला आपला घामाचा मनगटपट्टा दिला, आणि मनकर्णाने तिला मूठभर लाल माती पुडीत बांधून दिली. वाफशावरची.

अंतिम सामन्यानंतर अर्जुनराव माझ्याजवळ आले. "गाडीतळ पलीकडच्या माळावर करू," ते म्हणाले आणि माझ्यावर बसायला गेले.

"उठा साहेब," मनकर्णा म्हणाली. "तो काय बाकडा हाय का?"

चेअरमन उठले.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कुंपणामागेही माझ्यासारखा एखादा पडलेला असेल. त्याला खडी समजू नका. त्याच्या खुंटीला ग्रीस द्या, दांडीचं लाकूड पावसात ठेवू नका, आणि त्याला कधी ओढायचं हे ज्यांच्या मुठीला कळतं, त्यांना आधी विचारा. माझं वजन अजून साडेतीनशे किलोच आहे, पण तो क्षण ओळखायला मला मनकर्णा लागते. आज ती एका नव्या मुलीला कोर्टावर बसवून गोळा करायला शिकवते आहे. आत्ताच गोळा पडला. चपटा झाला.

थांबू या थोडं. माती तयार होते आहे.