चाक गप्प झालं तेव्हा

आठवडाभर ब्रेक दाबला की गाडीचं पुढचं डावं चाक किंचाळायचं. मांडीवर झोपलेली माझी तान्ही लेक राखी दरवेळी दचकायची. "पॅड झिजले असतील, दाखवून घ्या," मी नवऱ्याला रोज म्हणायचे. "दाखवतो न," राजकुमार रोज म्हणायचा.

आज राखीला लसीच्या डोससाठी उमरखेडला न्यायचं होतं. सकाळी त्यानं गाडी दाराशी लावली, तर आवाजच नाही.

"पाह्य, आपोआप झाली नीट."

मला पटेना. लेकरू रडत असलं तर एक वेळ चालतं. रडता रडता एकदम गप्प झालं, की मी हातातलं टाकून धावते.

"आधी एकटे तांड्याच्या मैदानात ब्रेक मारून पाहा. मग आम्ही बसतो."

"तुले तं वाऱ्याचंही भेव," तो हसला, पण गेला.

ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढली गेली आणि पार मैदानाच्या टोकाला, बाभळीजवळ जाऊन थांबली. राजकुमार उतरला तेव्हा हसत नव्हता. डाव्या चाकाच्या भोकांतून काळं तेल ओघळलं होतं.

"ते मीच घातलं काल," मागून सासरे, प्रेमसिंगबापू म्हणाले. "बैलगाडी कुरकुरली का वंगण घालतोच न आपण. पोरगी दचकून राह्यलीती."

राजकुमार तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्याकडे पाहिलं.

"बापू, तिथं चाक मोकळं फिरायला पाहिजे. इथं पॅडनं डिस्क घट्ट धरायला पाहिजे. तेल लागलं की पकड सुटते."

"म्हंजे उमरखेडच्या उतारावर..." बापूंनी राखीकडे पाहिलं.

ढाणकीहून कपिल मिस्त्री आला. पॅड मुळात झिजून पातळ झालेले, वरून तेल प्यालेले. त्यानं डिस्क साफ करून नवे बसवले. तोवर बापू गोठ्यापाशी बसून होते. राखीनं त्यांच्याकडे झेप घेतली, तर त्यांनी हात मागे घेतले.

"तेलाचे हात हायेत माह्ये."

हात केव्हाच धुतलेले होते. मी राखीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "चला आमच्यासोबत. सुई टोचताना तिला तुम्हीच लागता."

उतारावर गाडी सरळ, अलगद थांबली. बापू खिडकीला कान लावून बसले होते.

"पुन्हा वाजलं तं काय करू, ममता?"

"मला उठवा, बापू. झोपलेली असले तरी."

राखी त्यांच्या खांद्यावर कधीच झोपली होती.