फंडातले चणे

गोरेगावचे मालगुजार चुन्नीलाल यांना दोन नाद होते: घोडे आणि भाषणं. धान निघालं की शेताच्या रिकाम्या बांध्यांत ते शर्यती लावत आणि मग तासभर बोलत. अशाच बोलण्याच्या भरात त्यांनी एकदा घोडे सांभाळणाऱ्यांसाठी ‘सईस कल्याण फंड’ जाहीर केला. पैजेच्या रुपयामागे पैसा फंडात, आणि शर्यतीत सईस जायबंदी झाला तर त्यातून भरपाई. तहसीलदारांनी मालगुजारांना हार घातला. फंडातला पहिला खर्च त्या हाराचा.

यंदा मालगुजारांचा बादल शर्यत जिंकला आणि थांबेचना. थेट माणसांत घुसला. त्याचा सईस बकाराम लगामाला लोंबकळला. घोडा थांबला, पण बकारामचा पाय मोडला.

घरात शिजवायला दाणा नव्हता. त्याची बायको धुरपताबाई फंडाच्या कमिटीपुढे उभी राहिली.

“शर्यत संपल्यावर पाय मोडला, बाई,” चुन्नीलाल म्हणाले. “शर्यतीत मोडता तर दिलं असतं. कानून आहे.”

“मंग माणसं तुडवू द्याची होती का?”

कमिटीने पान खाल्लं.

बाई रडत घरी गेली. इकडे बादलने बकारामवाचून दुसऱ्या कोणाच्या हातचं खाणं सोडलं. त्याच संध्याकाळी कमिटी धावतपळत जमली. घोडा जगला तर सईस जगेल, म्हणून घोड्याचं कल्याण तेच सईसाचं कल्याण, असं एकमताने ठरलं. बादल बकारामच्या अंगणात बांधला गेला, आणि फंडातून रोज पायलीभर चणे, वर गूळ.

धुरपताबाईने अर्धे चणे बकारामच्या हातून घोड्याला चारले, अर्धे चुलीवर चढवले.

“धुरपता, हे घोड्याचे होत,” अंगणातल्या खाटेवरून बकाराम कुजबुजला.

“खा चुपचाप. खिंकाळू नका फक्त.”

आठवड्याने मालगुजार आले. बादलची मान थोपटली, दात पाहिले. खाटेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धुरपताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“एवढं खाऊन बी रोडच दिसून राहिला?” चुन्नीलाल म्हणाले.

“पाय दुखते त्याचा, मालक. रातभर कन्हते. घरचे बी उपाशी राह्यले त याच्यानं पाहवत नाई.”

मालगुजारांनी पुन्हा बादलची मान थोपटली. “बिचारा!” ते म्हणाले. “उद्यापासून दोन पायल्या. आणि पायाला लावायला तेल.”

बकारामने गोधडी तोंडावर ओढली. हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाच कळेना. बादल मात्र पुढ्यातले चणे शांतपणे खात होता.