लॉकशेजारचा आड

कालव्याच्या लॉकचा खड्डा पुरुषभर खोल गेला आणि त्याच आठवड्यात माझा आड आटला. कालव्याचे साहेब म्हणाले, योगायोग आहे. योगायोग कसला डोंबलाचा. खड्ड्यावरचा पंप दिवसभर पाणी उपसून ओढ्यात सोडत होता, आणि ते पाणी माझं होतं.

मी जवाची बिअर गाळते. नवरा गेल्यापासून घर त्या बिअरवर चालतं. आमच्या खोऱ्यात डोर्कासची बिअर म्हटली की माणसं वाट वाकडी करून येत, ती त्या आडाच्या पाण्यासाठी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि पोहऱ्यात नाही तर पिंपात काय ओतू, माझं कपाळ?

जेबेझ तेव्हा माझ्याकडे भाड्याने राहायचा. कालव्यावरची माणसं त्याला चिखल्या म्हणत, कारण माती मळायचं काम त्याच्या टोळीकडे होतं. लॉक म्हणजे कालव्याची पायरी. दोन दारांमधली विटांची खोली पाण्याने भरली की बोट वर येते, पाणी सोडलं की खाली जाते. बघणाऱ्याला विटा दिसतात, ओकची दारं दिसतात. पाणी खरं अडवते ती मागची चिकणमाती. खड्ड्याच्या तळाला ती अंथरून तिच्यावर गावातल्या गाई फिरवल्या. भिंती चढल्यावर त्यांच्यामागच्या अरुंद जागेत गाय मावेना, तिथे माणसंच पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून तुडवत. जेबेझ संध्याकाळी घरी आला की त्याच्या पँटला गुडघ्याखाली रंगच नसायचा.

"तुझ्या चिखलाने पाणी अडलं की माझा आड भरेल ना?" मी रोज विचारायची.

"भरेल, बाई."

"कशावरून?"

"मी सांगतो ना."

"तू तर बिअर सोडली असंही सांगितलं होतंस. चौथा पेला आहे हा."

"वाईट पाण्याची बिअर आहे, बाई. ही मोजायची नसते."

खरं होतं ते. ओढ्याच्या पाण्याने माझी बिअर नुसती आंबट व्हायची.

वसंतात लॉकमध्ये पाणी सोडलं. बँड वाजला, भाषणं झाली. मी गेले नाही. पोहरा हातात घेऊन आडापाशी बसले होते. दोनच दिवसांत दोर ओला आला. मला इतका आनंद झाला की तशीच चिखलाच्या पायांनी जेबेझच्या खोलीत गेले. त्याला लॉकवर राखणदाराची नोकरी लागली होती. दारं उघडायची, झडपा वर-खाली करायच्या. त्याने तिथल्या तिथे लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, विचार करते. मनात मात्र विचार संपला होता.

पण माझं मन काही थाऱ्यावर राहिना. सकाळी आडात पाणी हाताशी असायचं, दुपारी दोर पुरायचा नाही, संध्याकाळी पुन्हा वर. मग एक दिवस लॉकच्या दाराची करकर ऐकू आली, पाणी सुटल्याचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत आडातलं पाणी खाली गेलं. बोट गेली, लॉक परत भरलं, आडही भरला. लॉक श्वास घेत होतं आणि माझा आड त्याच्याबरोबर.

त्यानंतर मला बसवेना. पीठ भिजवायला घ्यावं आणि अर्धं टाकून आडाकडे जावं, आडाकडून लॉककडे, तिथून परत. ओटच्या भाकऱ्या तव्यावर करपल्या. पाणी आता गढूळ यायचं. पिंपाच्या तळाला माती साचू लागली, आधी चिमूटभर, मग मूठभर. ही माती येते कुठून, हे कळायला शाळा लागत नाही. मी लॉकच्या भिंतीमागे जाऊन गवतातून चालून पाहिलं. एका जागी पाय खचला. जमीन बशीसारखी खोल गेली होती.

मी त्या खळग्यातच उभी होते, तेवढ्यात फीबीची बोट लॉकमध्ये शिरली. फीबी बोटीवरच राहणारी. तिचं वर्षाचं पोर पाण्यात पडू नये म्हणून धुराड्याला दोरीने बांधलेलं. जेबेझने झडप उघडली, पाणी उतरलं, बोट खाली खाली गेली, आणि माझ्या पायाखालची भिंत त्या पोराच्या डोक्यावर उंच झाली. पोर वर बघून मला हात करत होतं. बोट बाहेर पडेपर्यंत मी तिथून हलले नाही, जणू मी उभी राहिल्याने भिंत उभी राहणार होती.

बोट गेल्यावर मी जेबेझला बाहीला धरून आणला.

"ह्या भिंतीमागे माती किती जाड आहे?"

तो खळग्याच्या कडेचं गवत टाचेने दाबू लागला.

"बोल की."

"सगळीकडे आहे. इथेच एक हातभर जागा सोडली. तुझ्या झऱ्याची जुनी वाट होती ती."

"का सोडलीस?"

"आड भरला नसता. तू रडत होतीस."

"मी? कधी?"

"पिंपं धुताना. पाठ करून."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याच्याइतकं दुसरं कुणी मला कधी आवडलं नव्हतं. दोन्ही एकदम येतं तेव्हा काय करावं हे कुणी शिकवत नाही.

"मूर्खा, फीबीचं पोर खाली होतं."

"वाटलं होतं, पाझर बारीक राहील. साहेबांना सांगतो. नोकरी जाईल ती जाईल."

"सांग. पण त्यांना यायला आठवडा लागेल. ही जागा ठासून बंद केलीस तर आडाला पाणी येईल?"

"थेंब नाही, डोर्कास."

पहिल्यांदाच त्याने मला बाई म्हटलं नाही.

"मग आधी आड बुजव," मी म्हटलं. "माती वाहून येते ती माझ्याच आडात. तिला जायला जागाच ठेवू नको."

रविवारी बोटी बंद असतात. त्याने लॉक रिकामं ठेवलं, खळगा उकरून ठासला, मग आमच्या दोघांच्या मातीच्या हातगाड्या आडाकडे वळल्या. एक थर टाकायचा, शिंपायचा, तुडवायचा. मीही झगा खोचून आत उतरले. आड भरत गेला तसे आम्ही वर येत गेलो. काठाशी डोकी बाहेर आली तेव्हा चर्चमधून परतणारी माणसं उभी राहून बघत होती. बायका पुटपुटल्या. पुटपुटू देत.

"ते लग्नाचं," मी म्हटलं.

"आता कुठल्या तोंडाने विचारू?"

"चिखलाच्या. दुसरं आहे कुठे तुला?"

साहेब आले, रागावले, सगळं उकरून पाहिलं आणि नोकरी काढून घेतली. आता दुसराच कुणी झडपा फिरवतो. जेबेझ रोज सकाळी कावड घेऊन टेकडीवरच्या झऱ्याला जातो. त्या पाण्याची बिअर बरी होते. पूर्वीसारखी होत नाही, आणि गिऱ्हाइकं तसं तोंडावर सांगतात.

लॉकच्या दाराची करकर ऐकली की मी अजूनही हातातलं टाकून उठते. आड होता तिथे जाते, वाकून जमिनीवर तळवा ठेवते. त्या आडाला कोरड पडली म्हणून मी रडले होते. आता हाताला कोरडं लागलं की माझा जीव भांड्यात पडतो.