थोरल्याचं कडवं

चांगला काळा धागा तुटताना आवाज करतो. अगदी बारीक, कानाजवळ धरला तरच ऐकू येईल असा, पण करतो. धाकटीने चिमटीत ताणलेला धागा मात्र मुकाट्याने सुटला. तिने दुसरा घेतला, तोही तसाच. तिसऱ्याचं टोक तिने खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरलं. तंतू लांब निघायला हवे होते. इथे खडू मोडावा तसं आखूड टोक होतं.

समोर शिंपी बसला होता, मांडीवर काळा झगा घेऊन.

"शिवण उसवली असती तर मी तोंड लपवलं असतं," तो म्हणाला. "पण शिवण आहे जागच्या जागी. कापडच सुटलंय. गिऱ्हाईक भर सभेत शपथ घ्यायला हात वर करतं काय आणि खांदा उघडा पडतो काय! टर्रकन फाटलं असतं तर निदान त्याला कळलं तरी असतं."

"आईला दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाल्या, सूत वाईट आलं असेल."

सूत वाईट नव्हतं. धाकटी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि कोऱ्या सुताचा नमुना तिने केव्हाच तपासून पाहिला होता. दोष रंगात होता. घरच्या रंगशाळेत कापड आधी सालींच्या काढ्यात मुरवायचं, मग लोखंडी पाण्याच्या हौदात सोडायचं. तिथे ते काळं होतं. पण तिथे गरजेपेक्षा जास्त राहिलं तर तेच लोखंड धाग्याला आतून खात बसतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी कुणाचा तरी खांदा उघडा पडतो.

कापड जास्त वेळ का राहतं, हेही धाकटीला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. प्रत्येक सुट्टीत ती घरी यायची ते बोलायचं ठरवून, आणि जायची ते न बोलता.

रंगशाळेत हौदावर गाणं म्हणायची रीत होती. घरातली एक बाई म्हणणार, बाकीचे काठ्यांवर कापड फिरवणार. एका कडव्याला एक फेरा. गाणं संपलं की कापड वर. म्हणणारी आई होती, तिच्याआधी आजी. घड्याळ हौदापाशी कधीच नव्हतं. धाकटीने कॉलेजात असताना एकदा भिंतीवर लावलं होतं. आईने त्याच खिळ्यावर पंचा वाळत घातला आणि विषय संपला.

गाण्यातलं एकेक कडवं म्हणजे हौदावर राबून गेलेलं एकेक माणूस. गाण्यात नाव कुणाचं नसे, फक्त हात असत. डाव्या हाताने पिळणारी. वाफेतूनही रंगाचा अंदाज घेणारा. माणूस गेलं की त्याचं कडवं शेवटी जोडायचं, आणि सगळ्यांत जुनं कडवं काढायचं. जुनं काढताना हौदात कापड सोडायचं नाही. ते कडवं रिकाम्या पाण्यावर एकदा म्हणायचं, काठ्या हातात धरून सगळ्यांनी उभं राहायचं, की झाला निरोप. पुन्हा ते म्हणायचं नाही. असं एक आलं, एक गेलं, म्हणून गाणं पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच लांबीचं राहिलं होतं.

मग आजोबा गेले, आणि काढायची पाळी आली थोरल्याच्या कडव्याची.

थोरला म्हणजे आईचा पहिला मुलगा. धाकटी जन्मायच्या आधीच, लहानपणी तापाने गेलेला. तो हौदावर काय राबणार? पण तेव्हा आजीनेच सांगितलं होतं, याचंही कडवं घाल, नाहीतर तू उभी राहायची नाहीस. आईने घातलं:

*पायरीवर बसायचा, बोट बुडवायचा,*
*सगळ्या हातांत एकच बोट काळं,*
*त्याच्यासाठी फिरवा गं, त्याच्यासाठी फिरवा.*

आजोबांचं कडवं जोडलं गेलं. थोरल्याचं निघालं नाही. नंतर काकू गेली, मग बाबा. त्यांचीही जोडली गेली. थोरल्यामागे आणखी दोन जुनी कडवी जायची खोळंबली होती, पण रांग मोडायची नाही असा नियम. तीन कडवी वाढली. सगळ्यांनी ती मन लावून, संथपणे, एकही फेरा न चुकवता फिरवली.

धाकटीने मामाला मात्र विचारून पाहिलं होतं. मामा आईचा मोठा भाऊ, काठ्यांवरचा मुख्य माणूस.

"लवकर उचललं तर? गाणं चालू राहू दे, कापड वर घ्या."

"म्हणजे शेवटची कडवी रिकाम्या पाण्यावर?" मामा म्हणाला. "शेवटचं कडवं तुझ्या बापाचं आहे, भिंगवाले. त्याला रोज निरोप देऊ का?"

"मग भरभर म्हणायचं."

"केलं एकदा, तुझी आई दवाखान्यात गेली होती तेव्हा. फेरे अर्धवट पडले. कापड उठलं बोक्यासारखं, पट्ट्यापट्ट्याचं."

"पाणी पातळ करू. मी प्रमाण काढून देते."

"दे की. पण माणसं काय मरायची थांबणार आहेत? दरवेळी पातळ करत गेलीस तर माझ्या वेळेला हौदात नुसती आंघोळ करता येईल." हसून झाल्यावर त्याने काठी पुसायला घेतली. "उपाय तिलाही माहीत आहे. तिच्यापुढे बोलायची माझी छाती नाही. तुझी असेल तर बघ."

आज शिंपी झगा ठेवून निघून गेला तेव्हा हौदावर तयारी चालली होती. काढ्यातून काढलेलं तपकिरी कापड काठ्यांवर निथळत होतं. आई पायरीवर बसून घसा साफ करत होती. धाकटी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि झग्याच्या बाहीतून उपसलेला धागा तिच्या हातात दिला.

"तोडून बघ."

आईने धागा कानाशी नेला. तोडला. काही वेळ हात तसाच कानापाशी राहिला.

"सूत..."

"सूत मी तपासलं, आई."

"मग मी हळू म्हणते, असं म्हण. वय झालं म्हण."

"तू पूर्वी म्हणायचीस तशीच म्हणतेस. गाणं लांबलंय."

खाली पाण्यावर पातळ गंजाची साय आली होती. आईने ती हाताने बाजूला सारली.

"कुणाला काढू? तुझ्या बाबांना?"

"नवं नाही काढायचं. तूच शिकवलंस."

"शिकवलं! गाणं शिक म्हटलं तेव्हा पळालीस, आणि नियम तेवढा बरा लक्षात राहिला." आईचा आवाज चढला, मग तिनेच तो आवरला, कारण काठ्यांवरच्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. "त्याचा साधा फोटोसुद्धा नाही गं. काढू काढू म्हणता राहून गेला. एवढ्या तीन ओळीच आहेत. त्या गेल्या की कोण म्हणेल तो होता म्हणून?"

धाकटीलाही थोरला तेवढाच माहीत होता, तीन ओळींएवढा. लहानपणी ती स्वतःचं बोट हौदात बुडवून बघायची, आपणही भाऊ होऊ शकतो का ते पाहायला. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं.

आईने तिच्याकडे वळून पाहिलं.

"आणि बुडवून काय करायचीस?"

"बसून राहायचे. वाळेपर्यंत."

"तो नाही बसायचा." आई एकदम म्हणाली. "पाण्याला घाबरायचा. बोट बुडवायचा आणि ओरडत पळत सुटायचा, थेट माझ्या पदरात. सगळे पदर डागाळले होते माझे. पळणं काही फेऱ्यात बसेना, म्हणून गाण्यात नाही घातलं."

"मला वाटायचं तो शांत होता."

"शांत? डोकं उठवायचा." आईच्या ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. "हे तुला कधी बोलले नव्हते ना मी?"

"नाही."

"विसरणार नाहीस?"

"नाही, आई."

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. मामाने काठी हौदावर आणली होती आणि कापडाचं टोक पाण्याला टेकणार एवढ्यात तिने हात वर केला.

"दादा, थांब. कापड मागे घे."

मामा थबकला. त्याने धाकटीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि निथळतं कापड तसंच मागच्या लाकडी घोडीवर टाकून तो रिकामी काठी घेऊन हौदाच्या कडेला उभा राहिला. बाकीचेही एकेक करून आले. हात पुसले.

आईने पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आज थोरला निघतोय."