कमरेवरून उतरलेला करदोडा

बोलतोय तो मी करदोडा. चांदीचा, अकरा तोळ्यांचा, अणदूरच्या व्यंकटआप्पांच्या कमरेचा. कमरेचा होतो, असं म्हणायला पाहिजे. आधीच सांगून ठेवतो, माझ्या तोंडून गोड काही निघणार नाही. मी जळका आहे.

जन्मापासून जळका. सोनारानं एकच लगड वितळवली. तिच्यातल्या चिमटीभर चांदीचा खंडोबाचा टाक घडवला आणि उरलेल्याचा मी. मलाही देव व्हायचं होतं. माझाही पत्रा ठोकून झाला होता, पण आप्पांचं मन फिरलं आणि मला अर्ध्यातून उठवून तार ओढायला घातलं. टाक देवघरात गेला. त्याला दर रविवारी भंडारा, मला बारा महिने घाम. वर माझ्या फाशात सोनारानं पोलादाची बारीक स्प्रिंग बसवली, कमरेला घट्ट बसावा म्हणून. ती पुढं नडली.

मला घालायचा दिवस अजून आठवतो. आप्पांच्या कमरेला वडिलांची झिजलेली साखळी होती. ती काढायची, पण बाप्याची कंबर क्षणभरही मोकळी ठेवायची नसते. करदोडा निघतो तो माणूस गेल्यावर. म्हणून धुरपताबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, आधी एक काळा सुती दोरा बांधला. मग साखळी उतरवली, मग मी चढलो, आणि दोरा कापून चुलीत टाकला. तो दोरा मला तेव्हाच आवडला नव्हता. घडीभर का होईना, माझ्या आधी माझ्या जागेवर होता.

पुढची वर्षं बरी गेली. आप्पांच्या मेंढरांमागं मी रानोमाळ हिंडलो. चार माणसांत आप्पा मुद्दाम सदरा वर करून कंबर खाजवायचे, मी दिसावा म्हणून. मला बरं वाटायचं.

मग त्यांचं लघवीचं बिघडलं. बाभळीआड जाऊन उभे राहायचे ते उभेच. थेंब थेंब. रात्रीतून चारदा उठायचे. हे तीन वर्षं चाललं, आणि सगळ्यात आधी कळलं ते मला. धुरपताबाईंनासुद्धा नंतर कळलं. पण आप्पा गप्प. या म्हाताऱ्यांचं मला कळत नाही. मेंढा मुतायला अडला तर अर्धी वाडी गोळा करतील, त्याच्या पोटाखाली हात घालून बघतील. स्वतःचं अडलं की वयाचं कारण.

शेवटी लेकीनं, प्रतीक्षानं, ओढत डॉक्टरकडं नेलं. ती तुळजापूरला शाळेत शिकवते. रागीट आहे, मला आवडते. डॉक्टरांनी बोटानं तपासलं तेव्हा आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. रक्त तपासलं. प्रोस्टेटचा पीएसए नावाचा आकडा वाढलेला.

डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटची गाठ आहे. साधी का कॅन्सरची, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. आधी एमआरआय करून घ्या. संशयाची जागा दिसली तर सुई नेमकी तिथं घालता येईल. अंदाजानं बारा ठिकाणी टोचायचं आणि नेमकी तीच जागा सुटायची, असं नको."

इथून माझं डोकं फिरलं. ती गाठ माझ्यापासून वीतभर खाली. एवढी वर्षं मी तिच्या उशाशी. आणि मला न विचारता कुठल्या तरी परक्या यंत्राला विचारायचं, त्यानं आप्पांना आयुष्यात पाहिलेलं नसताना.

सोलापूरच्या सेंटरवर प्रतीक्षा आली आणि आप्पांचे थोरले भाऊ वैजनाथही आले. कुणी बोलावलं नव्हतं. तिथल्या मुलानं कागद धरून विचारलं, "बाबा, अंगावर धातूचं काही? अंगठी, साखळी, पैसे?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

खोटं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी मी दागिना नव्हतोच. कान, नाक, तसा करदोडा. पण त्या मुलानं हातातली दांडी अंगावरून फिरवली आणि ती माझ्यापाशी ओरडली.

"हे काढावं लागेल, बाबा. आत मोठं लोहचुंबक आहे. तुमच्या फाशात लोखंड निघालं तर खेचेल. चांदी असली तरी तापू शकते, फोटोही बिघडतो."

"त्यो काढत नसत्यात."

"मग मला आत सोडता येणार नाही."

वैजनाथ बाकावरून उठले. "करदोडा काढायचा म्हंजी? आमी हितंच तिरडी बांधावी का? चल रं व्यंकट."

"तात्या, तुम्ही बसा खाली," प्रतीक्षा म्हणाली. "रोग तुम्हाला झाला न्हाय."

"आमच्या बापानं मरस्तोवर काढला न्हाय."

"तुमच्या बापाला एमआरआय कुणी सांगितला नव्हता."

आप्पांनी सेंटरचा गाऊन उतरवला. कपडे घातले आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

आता खरं सांगतो. परतीच्या एसटीत मी खुशीत होतो. आप्पांनी यंत्र सोडलं, मला धरलं. वाट कशी काढायची हेही मला ठाऊक होतं, तो काळा दोरा मी विसरलो नव्हतो. मला माणसांशी बोलता येत नाही. पण येत असतं तरी बोललो नसतो, इतका मी जळका.

सव्वा महिना गेला. प्रतीक्षा रोज फोन करायची, आप्पा रोज कानावरून खाली ठेवायचे. गाठ गप्प बसली नसणार. त्यांचा हात अधूनमधून माझ्यावरून खाली जायचा आणि तिथंच थांबायचा. ते घाबरले होते, आणि त्यांची भीती मला धरून बसली होती. तेव्हा पहिल्यांदा मला माझंच ओझं वाटलं.

एका रविवारी धुरपताबाई टाक घासत होत्या. प्रतीक्षा सुट्टीला आलेली. बाई मधेच थांबल्या.

"काय गं, त्या मशिनीत सुताचा दोरा चालतो का?"

प्रतीक्षानं तिथल्या तिथं सेंटरला फोन लावला. चालतो म्हणाले, जरीचा नको.

धुरपताबाई काळा दोरा घेऊन आप्पांसमोर गेल्या. आप्पा भाकरी चुरत होते.

"उठा. सदरा वर करा."

"काय चाललंय तुमचं?"

"हा करदोडा घातला तवा आदी दोरा बांधला व्हता का न्हाय म्या? तवा मेलतात का तुमी?"

आप्पांनी घास ताटात ठेवला. "दादाला काय सांगू?"

"दादाला म्हणावं, माजं कुकू माज्याजवळ ऱ्हाऊ द्या. उठा."

बाईंनी दोरा बांधला, दोन गाठी मारल्या, मग माझा फासा उघडला. मी निघालो. कंबर मोकळी राहिली नाही. जो दोरा चुलीत गेला होता, त्याचाच भाऊ माझ्या जागेवर बसला होता.

सोलापूरला मी प्रतीक्षाच्या पर्समध्ये, तिच्या मोबाईलखाली. दोरा आत. भिंतीपलीकडून ठोकाठोकी ऐकू येत होती, अर्ध्या तासाहून जास्त. आप्पा बाहेर आल्यावर मी त्या दोऱ्याला विचारलं, काय पाहिलंस? तो म्हणाला, लई आवाज व्हता. बस. एवढा मान मिळाला आणि सांगायला एवढंच.

यंत्रानं मात्र सांगितलं. डाव्या बाजूला एक जागा, पाचपैकी पाच संशय. सुई नेमकी तिथं घातली. कॅन्सर निघाला, पण अजून गाठीच्या आतच होता. बाहेर पडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्या वेळेतला सव्वा महिना मी खाल्ला होता. हे डॉक्टरांना ठाऊक नाही, तुम्हाला सांगतोय.

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणांचे शेक घेऊन झाले. आप्पा वाळले आहेत, पण बाभळीआड फार वेळ उभे राहत नाहीत. धुरपताबाईंनी एकदा मला डब्यातून काढून विचारलं, "घालायचा का परत?"

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. परत फोटू काढा म्हणले तर कुठं काढघाल करीत बसू."

म्हणून मी देवघरात आहे, कुंकवाच्या डब्याशेजारी. वर टाक. अखेर त्याच्याजवळ आलो, पण भंडारा अजून त्यालाच.

बाप्यांनो, तुमच्या कमरेला माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्या आड लपू नका. आम्हाला काही दिसत नाही. जवळ असणं म्हणजे कळणं नव्हे, हे कबूल करायला मला एक कंबर गमवावी लागली. काढून ठेवा आम्हाला. आम्ही जळू, आमचं आम्ही बघू.

करदोडा उतरला की घरात रडारड होते. मी उतरलो त्याला सात महिने झाले. आत्ता अंगणात वैजनाथ विचारतायत, "काय रं, कंबर हलकी वाटती का?" आणि आप्पा म्हणतायत, "दादा, तुमी बी एकदा तपासून घ्या. दोरा हाय घरात."