नेडाच्या उशाशी

पडद्यावर लाल टेकडी आली तेव्हा व्हर्लनं पडद्याऐवजी बायकोकडे, नेडाकडे पाहिलं. दुपारच्या खेळाला शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव लोटलं होतं, कारण सिनेमा इथल्याच डोंगरांत झाला होता. सिनेमावाल्यांना जागा शोधून देणं हा व्हर्लचा तीस वर्षांचा धंदा. युटाहचा हा कोपरा त्यानं कधी मंगळ म्हणून खपवला, कधी मेक्सिको म्हणून.

ही एक टेकडी मात्र त्यानं कुणालाच दाखवली नव्हती. नेडाच्या पहिल्या नवऱ्याची, क्लाईडची गुरं तिथं चरायची. क्लाईड जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी त्या टेकडीचा फोटो नेडाच्या उशाशी होताच. त्यात माणूस नाही, फक्त टेकडी आणि एक वाकडं जुनिपरचं झाड. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे व्हर्ल आतल्या आत जळत राहिला. शेवटी यंदा त्यानं टेकडी देऊन टाकली. कॅमेरावाला म्हणाला, झाड मध्ये येतंय. ते कापायला जमीनमालकाची परवानगी व्हर्लनंच धावतपळत आणली. एकदा तिथं मेक्सिको झाला की क्लाईड पुसला जाईल, असं त्याला वाटलं.

"झाड कुठंय?" नेडानं हळूच विचारलं.

"कापलं."

"आणि तू कापू दिलंस?"

"क्लाईडसाठी अजून किती वर्षं झुरणारेस?"

नेडा त्याच्याकडे बघतच राहिली. "क्लाईडचा काय संबंध? त्या टेकडीला तो शिव्या घालायचा. गुरं हाकताना गुडघे भरून यायचे त्याचे."

"मग फोटो?"

"मी कामाला होते त्या हॉटेलात तू पहिल्यांदा कॉफी प्यायला आलास, तेव्हा टेबलावर विसरून गेलास. मी ठेवून घेतला, फ्रेम करून. कधी उलटून तरी बघितलास का?"

घरी आल्यावर व्हर्लनं फ्रेमचे खिळे उचकटले. फोटोच्या मागं धंद्यातली नेहमीची नोंद होती: तोंड उत्तरेला, सकाळी सात दहा, ऊन उजवीकडून. अक्षर त्याचंच होतं, तरुणपणचं. असे शेकडो फोटो त्यानं तेव्हा काढले होते आणि विसरलाही होता. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "झाड हवंच. त्याच्याशिवाय ही नुसती माती."

"कॉफी ठेवू का?" नेडानं स्वयंपाकघरातून विचारलं.

व्हर्ल फोटो हातात धरून पलंगावर बसून राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही.