वायूला वाट

क्रांतीने लॅपटॉप भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवला आणि वडिलांकडे वळवला.

“बघा आप्पा. गेली परत.”

पडद्यावरची बटुदीर्घिका, आपल्या आकाशगंगेपुढे अगदीच चिमुकली, फुटली आणि तिच्यातला सगळा वायू चहूकडे उधळला. गणित संगणकाचं, पण त्यात गेलेली चार वर्षं क्रांतीची. असल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाची पकड कमजोर. त्यात राक्षसी तारे फुटले की वायू निसटतो आणि नवे तारे जन्मायचे थांबतात. खऱ्या आकाशात मात्र अशा कितीतरी दीर्घिकांनी वायू राखून ठेवलाय. महिनाभरात हे जुळलं नाही तर विषय बदला, असं मार्गदर्शक बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

तिच्या वडिलांनी, बाळासोंनी, उद्यमनगरच्या एका फौंड्रीत तीस वर्षं वाळूचे साचे भरले होते. आकाशातलं त्यांना काही कळत नसे, पण ऐकताना त्यांनी कधी जांभई दिली नव्हती. एवढं सुख क्रांतीला बाईंकडेही मिळालं नव्हतं.

“फुटायच्या आधी वायू जायला वाट ठिवलीस काय?”

“कसली वाट?”

“साच्यात लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूला सळईनं भोकं पाडायला लागत्यात. न्हाय पाडली की ग्यास कोंडतोय आन् साचा उडतोय. पाडली की निवांत जातोय, ओतलेला जॉब जाग्यावर ऱ्हातोय.”

क्रांतीचा घास हातातच राहिला. भोकं पाडायला तिथं प्रकाश होता की! मोठा तारा फुटण्याआधी लाखो वर्षं जळतो, त्याचा प्रकाश भोवतीच्या वायूत वाटा कोरतो. संगणकाचा वेळ वाचवायला तिने तोच गाळला होता आणि नुसते स्फोट ठेवले होते.

बारा दिवसांनी नवं गणित पुरं झालं. थोडा वायू गेला, बाकीचा जागेवर. क्रांती सरळ वडिलांच्या पाया पडली.

“प्रबंधाच्या आभारात पहिलं नाव तुमचं.”

“माझं नगं. पिराजीचं घाल.”

“कोण पिराजी?”

बाळासोंनी तळहात चोळले.

“माझ्या जोडीला हुता. एक दिस मी भोकं पाडायची इसरलतो. साचा उडला तवा त्यानं मला मागं ढकललं. मी वाचलो, त्यो न्हाय. तू आठ महिन्यांची हुतीस.”

क्रांती त्यांच्याजवळ बसली. मग तिने आभाराचं पान उघडलं आणि पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

“छापून आलं की एक प्रत त्येच्या घरी दिऊया,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षं त्या गल्लीत गेलेलो न्हाय. चूक कुणाची हुती, ते बी सांगीन म्हंतो.”

“जाऊ की आप्पा. मी येते संगं.”